मच्छिंद्री

टाउन हॉलच्या काचेत उभा आहे तो,
वीतभर उंच, हिरवट काळा.
एक हात वर, हातात काही नाही.
पाटी सांगते: समुद्रदेव, रोमन, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला.
त्रिशूळ कुठं गेला
ते पाटीलाही ठाऊक नाही.

माझा आज्जा त्या खणण्यात पाट्या वाहायचा.
म्हणायचा, मातीपेक्षा राखच जास्त निघाली.

मी एकतीस वर्षं पाणी वाचलं,
राजाराम बंधाऱ्यावर, पाटबंधारे खात्यात.
एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका.
रात्री दोनला बॅटरी मारून पट्टी बघायची,
वहीत लिहायचं, वर कळवायचं.
पुलाच्या कमानींना पाणी टेकलं
की अख्खं गाव म्हणतं, मच्छिंद्री झाली,
आणि नदीला नारळ घेऊन जातं.
समुद्र मी एकदाच बघितला, गणपतीपुळ्याला.
त्याला पट्टीच नव्हती. मला बसवेना.

ती त्या काचेपुढं घडीचं स्टूल टाकून चित्र काढत होती.
नाव असुन्ता. गाव पोझ्झुओली.
दुभाष्या हिंदुरावचा पोरगा,
त्याला निम्मं इंग्रजी येतं, निम्मं तो ठोकून देतो.
तिनं तिकिटाच्या पाठीवर नेपल्सचं आखात काढलं,
कुणीतरी चावा घेतलेली भाकरी.
उजवीकडं तो डोंगर, सगळ्यांना माहीत असलेला.
बोट मात्र तिनं डावीकडं ठेवलं,
जिथं डोंगर नाही,
नुसती जमीन, खाली आग, वर घरं.

तिथं मिसरचा गहू उतरायचा, म्हणाली.
तिथनंच पूर्वेकडचा माल सुटायचा.
हा देव तिथलाच, असं ती म्हणाली नाही.
असेल, एवढंच म्हणाली.
मग तांबडा समुद्र, मग आमचा नैऋत्येचा वारा,
मग कोकणातलं कुठलंतरी बंदर,
आणि शेवटी घाट. बैलाच्या पाठीवर, गोणपाटात
समुद्राचा देव, घामेजलेला.

जुन्या बाजारात तीन खांब आहेत तिथं.
दोन पुरुष उंचीवर भोकं पडलेली,
शिंपल्यांनी पोखरलेली.
मी म्हटलं, एवढा महापूर?
ती हसली. समुद्र जागेवरच होता.
जमीन खाली बसली
आणि कैक वर्षांनी पुन्हा उठली, खांब घेऊन.
ती नऊ वर्षांची असताना
दोन वर्षांत पुरुषभर उठली.
बापाची होडी धक्क्यालाच चिखलात टेकली.
तो रोज सकाळी तिच्यात जाऊन बसायचा,
जाळं शिवायचा.

मी तिला घरी नेलं.
आमच्या भिंतीवर तीन रेघा आहेत,
पाच साल, एकवीस, आणि सगळ्यांच्या वर एकोणीस.
आक्काताई त्यावर रंग लावू देत नाही,
दिवाळीलाही तेवढी पट्टी सोडते.
असुन्तानं एकोणीसच्या रेघेवर तळवा ठेवला,
चहा निवेपर्यंत तशीच उभी.
मग काहीतरी विचारलं.
पोरगा अडखळला. पुन्हा विचार म्हणाला.
पाणी वर आलं होतं,
की घर खाली गेलं होतं?

आम्ही सगळे हसलो. आक्काताई तर पदर तोंडाला लावून.
रात्री मात्र डोळा लागेना.
पट्टी बंधाऱ्याला धरून आहे.
बंधारा जमिनीला.
जमीन कशाला धरून आहे
ते एकतीस वर्षांत एकाही साहेबानं विचारलं नाही,
मीही नाही.

पुन्हा गेलो टाउन हॉलला.
हात तसाच वर.
त्रिशूळ नसलेला बराय, असं वाटलं,
आता तो नुसता दाखवतोय,
इथवर.

जुलैत तिचा निरोप आला:
ह्या महिन्यात दोन सेंटिमीटर.
मी पोराकडून लिहून घेतलं:
एक्केचाळीस फूट सहा इंच, पाऊस उघडलाय.
वर की खाली
दोघांनीही लिहिलं नव्हतं.